झांकणावरचा विस्तव



घरांत कोणी आजारी पडलें, कीं भेटीस येणारा प्रत्येक जण सफरचंदांची पिशवी घेऊन येतो. आजाऱ्याच्या तोंडाला चव नसते, वृद्धांना दांतांनीं फळ तुटत नाहीं, आणि मुलांना तें 'आजाऱ्याचें फळ' म्हणून नकोसें झालेलें असतें. आठ-दहा दिवसांत सालीवर सुरकुत्या पडतात, गर भुसभुशीत होतो, आणि अर्धीं फळें केराच्या टोपलींत जातात. आमचा धाराशिव जिल्हा, ज्याचें नांव २०२३ सालापर्यंत उस्मानाबाद होतें, हा अवर्षणाचा जिल्हा आहे. हंडा मोजून पाणी वापरावें लागतें अशीं वर्षें येथें वरचेवर येतात. काश्मीरच्या खोऱ्यांतून दोन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून आलेलें फळ अशा मुलुखांत उकिरड्यावर पडावें, हें बरें नव्हे. त्या फळाला घरांत मानाची जागा मिळवून देणाऱ्या एका पदार्थाविषयीं मी आज बोलणार आहें.

या पदार्थाचें नांव 'कॉब्लर'. या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'जोडे शिवणारा' असा आपण शाळेंत शिकलों. परंतु येथें जोड्यांचा कांहीं संबंध नाहीं. नांवाच्या उगमाविषयीं कोशकारांत एकमत नाहीं. गोल दगडांनीं बांधलेल्या जुन्या फरसबंद रस्त्यासारखा याचा पृष्ठभाग दिसतो, म्हणून तें नांव पडलें असें पुष्कळांचें मत आहे. पदार्थ मात्र अगदीं साधा आहे. खालीं फळाच्या फोडी, साखर आणि रस. वर सैल पिठाचे लहान लहान गोळे. आणि हें सर्व एकाच भांड्यांत भाजावयाचें. खालचें फळ शिजून रसरशीत होतें आणि वरचें पीठ फुगून खरपूस होतें. चमच्यानें काढून तें गरमागरम खावें, एवढाच त्याचा थाट.

"आमच्या घरीं भट्टी कोठें आहे?" असा प्रश्न येथें गृहिणींच्या मनांत येईल. त्याचें उत्तर असें कीं, ज्यांनीं हा पदार्थ रूढ केला त्यांच्याहि घरीं भट्टी नव्हती. युरोपांतून अमेरिकेंत वस्तीला गेलेल्या लोकांजवळ आणि १९ व्या शतकांत बैल जुंपलेल्या गाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांजवळ बिडाचें एक जाड, पसरट भांडें असे. इंग्लंडमध्यें अब्राहम डार्बी यानें १७०७ सालीं वाळूच्या सांच्यांत बिडाचीं भांडीं ओतण्याचें पेटंट घेतलें, आणि अशीं भांडीं सामान्य माणसाच्या आटोक्यांत येऊं लागलीं. प्रवासांत वापरावयाच्या या भांड्याला तीन लहान पाय असत, म्हणजे खालीं निखारे पसरतां येत. आणि झांकणाला उभा कांठ असे, म्हणजे वर ठेवलेले निखारे घसरून पडत नसत. खालीं विस्तव, वर विस्तव, मध्यें पदार्थ. एवढीच त्यांची भट्टी.

आतां आपल्या घरीं वळून पहा. कोंकणांत तवशाचें, म्हणजे मोठ्या काकडीचें, धोंडस करतात. तांदुळाच्या कण्या, गूळ आणि किसलेली काकडी पातेल्यांत घालून वर झांकण ठेवावयाचें, झांकणावर निखारे पसरावयाचे आणि खालीं मंद विस्तव ठेवावयाचा. गोव्यांतील बेबिंका तर थरावर थर घालून वरच्या निखाऱ्यानेंच भाजतात. आमच्या मराठवाड्यांत आणि वऱ्हाडांत कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवांत भाजले जातात. तेथें तर उष्णता चोहोंकडून मिळते. ज्यांना घरीं हें जमत नसे, तीं शहरगांवचीं कुटुंबें मैदा, साखर आणि तूप डब्यांत घालून जवळच्या बेकरींत नेत आणि नानकटाई भाजून आणीत. म्हणजे भाजण्याची विद्या आपल्याला परकी नाहीं. घरांत गॅस आला आणि निखारा गेला. चुलीच्या धुरानें बायकांचे डोळे आणि छाती किती पोळली हें ज्यांनीं पाहिलें आहे, ते चूल गेल्याचें दुःख करणार नाहींत. परंतु चुलीबरोबर झांकणावर विस्तव ठेवण्याची रीतहि गेली, आणि ती कां होती याचा विसर पडला. तें कारण समजलें, कीं गॅसच्या शेगडीवरहि काम होतें.

शाळेंत आपण उष्णता पसरण्याचे तीन प्रकार शिकलों: वहन, अभिसरण आणि प्रारण. गॅसवर ठेवलेल्या भांड्याला तळाकडून वहनानें उष्णता मिळते. त्यानें तळ करपेल, मधला भाग शिजेल, परंतु वरची बाजू पांढरीच राहील. याचें कारण पाणी. जोंपर्यंत पिठाचा पृष्ठभाग ओला आहे, तोंपर्यंत त्याचें तापमान १०० अंशांच्या फारसें वर चढत नाहीं. आणि पोळीवर किंवा पावावर जो तांबूस रंग व खमंग वास येतो, तो नीट येण्यास सुमारें १४० अंश लागतात. म्हणजे आधीं वरचें पाणी उडालें पाहिजे, मग रंग. आतां थंड झांकण ठेवलें तर काय होतें? फळाच्या रसाची वाफ वर जाते, झांकणाला लागून निवते, आणि थेंब होऊन पुनः पिठावर गळते. पदार्थ भाजला न जातां ढोकळ्यासारखा उकडला जातो. झांकणावर निखारा ठेवला, कीं झांकण तापतें. तापलेल्या झांकणावर वाफेचें पाणी होत नाहीं. आणि तें झांकण प्रारणानें पिठाचा वरचा थर वाळवून तांबूस करतें. आपल्या आजींना प्रारण हा शब्द ठाऊक नव्हता, पण काम ठाऊक होतें. मायक्रोवेव्ह शेगडींत कॉब्लरला रंग येत नाहीं, त्याचेंहि कारण हेंच: ती मुख्यतः पदार्थांतील पाणी तापवते, वरून कोरडी आंच देत नाहीं.

आतां फळाकडे वळूं. सफरचंदाचें मूळ घर मध्य आशियांतील कझाकस्तानकडील डोंगरांत आहे. आपल्या बाजारांत दिसणारें लालभडक, गोड सफरचंद हें पुष्कळदां 'रेड डिलिशस' जातीचें असतें. ही जात अमेरिकेची. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थानें सिमल्याजवळच्या कोटगढ भागांत स्थायिक होऊन १९१६ च्या सुमारास तिचीं झाडें लावलीं. पुढें ते भारताच्या स्वातंत्र्यचळवळींत सामील झाले, आणि त्यांनीं सत्यानंद हें नांव घेतलें. त्या जातीनें हिमाचलच्या डोंगरी शेतकऱ्यांचें दैन्य पुष्कळ हलकें केलें. आमच्या बालाघाटच्या टेंकड्यांवर मात्र हें झाड सुखानें वाढत नाहीं. कारण सामान्य सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यांत शेंकडों तास कडक थंडीची विश्रांति लागते. अलीकडे बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांनीं शोधलेली, कमी थंडींत फळणारी जात निघाली आहे, आणि तिची लागवड महाराष्ट्रांतहि कोठें कोठें करून पाहिली जात आहे. शर्मा यांना २०२५ सालीं पद्मश्री मिळाली.

लाल सफरचंद खावयास गोड, पण शिजवण्यास थोडें अडचणीचें. त्यांत आंबटपणा कमी असतो, त्यामुळें शिजल्यावर चव सपक लागते आणि फोड लवकर विरघळते. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे लिंबू. फळाच्या पेशी ज्या द्रव्यानें एकमेकींस चिकटलेल्या असतात त्यास पेक्टिन म्हणतात. आंबटपणा असला, कीं तें द्रव्य उष्णतेंत सावकाश सुटतें, आणि फोडीचा आकार टिकतो. कापलेली फोड काळी पडणेंहि लिंबामुळें लांबतें. हिरवें आंबट सफरचंद मिळालें तर एक-दोन मिसळावीं. परंतु घरांत पडून भुसभुशीत झालेलीं फळें टाकूं नयेत. तीं शिजून आपोआप दाट रस होतात, आणि त्या रसांत ताज्या, कडक फळाच्या फोडी अख्ख्या राहतात. निम्मीं शिळीं आणि निम्मीं ताजीं, हें प्रमाण मला सर्वांत चांगलें वाटतें. मात्र जेथें बुरशी किंवा कुजका डाग दिसेल तें फळ घेऊं नये.

चार-पांच माणसांसाठीं एक किलो सफरचंदें घ्यावीं. साल व बिया काढून बोटाच्या जाडीच्या फोडी कराव्या. त्यांस १०० ग्रॅम साखर, एका मोठ्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, अर्धा लहान चमचा दालचिनीची पूड आणि एक मोठा चमचा तांदुळाचें पीठ चोळून अर्धा तास ठेवावें. साखर फळांतील पाणी ओढून घेते आणि भांड्यांत रस जमतो. तांदुळाचें पीठ तो रस दाट करतें. साखरेऐवजीं गूळ घातला तरी चालेल. आमचा जिल्हा उसाचा असल्यामुळें चांगल्या गुळाची वाण नाहीं. रंग मात्र काळसर येईल.

वरच्या पिठासाठीं १०० ग्रॅम मैदा किंवा चाळलेली कणीक, आणि ५० ग्रॅम ज्वारीचें पीठ घ्यावें. ज्वारी येथें केवळ आमच्या जिल्ह्याच्या अभिमानापोटीं आलेली नाहीं. गव्हाच्या पिठांत पाणी घालून तिंबलें, कीं ग्लूटेनचें चिवट जाळें तयार होतें. पोळी लाटण्यास तें हवें असतें, पण कॉब्लरला तें मारक आहे, कारण चिवट गोळा फुगत नाहीं आणि खातांना रबरासारखा लागतो. ज्वारींत हें जाळें होतच नाहीं. भाकरी पोळीसारखी सहज लाटतां येत नाहीं, थापावी लागते, याचें कारण हेंच. भाकरी करतांना ज्या गुणानें नव्या सुनेची परीक्षा होते, तोच गुण येथें उपयोगी पडतो: पीठ हलकें व खुसखुशीत होतें. परंतु सगळीच ज्वारी घेतली तर गोळा भुगा होऊन पडेल, म्हणून तिसरा हिस्सा पुरे.

या पिठांत दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि पाव लहान चमचा खाण्याचा सोडा नीट मिसळावा. मग ६० ग्रॅम थंड, घट्ट लोणी घालून बोटांच्या टोकांनीं चोळावें. पिठाचा रवा दिसूं लागला कीं थांबावें. लोण्याचे वाटाण्याएवढे कण शिल्लक राहिले तर उत्तमच. ते भट्टींत वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते, आणि पिठांत पोकळ्या राहतात. सर्व तयारी होऊन फळ तापल्यावरच अर्धा कप, म्हणजे सुमारें १२० मिलिलिटर, दाट आंबट ताक घालावें. ताकाचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले, कीं कार्बन डायऑक्साइड वायु निघूं लागतो. तो निसटण्यापूर्वीं पीठ विस्तवावर गेलें पाहिजे. म्हणून ताक घातल्यावर चमच्यानें दहा-बारा वेळांच ढवळावें. पीठ खडबडीत दिसलें तरी हात आवरावा. पोळीच्या कणकेची सवय असलेल्या हाताला हेंच सर्वांत कठीण जातें.

भट्टीची तयारी अशी करावी. जाड, खोलगट लोखंडी किंवा बिडाच्या कढईंत दोन बोटें स्वच्छ कोरडी वाळू पसरावी, आणि त्यावर लोखंडी कडें ठेवावें. कढईवर लोखंडी तवा पालथा घालून मध्यम आंचेवर पंधरा मिनिटें तापवावें. वाळूमुळें उष्णता सर्वत्र सारखी पसरते आणि तळ करपत नाहीं. त्याच वेळीं दुसऱ्या शेगडीवर दुसरा जाड तवा तापत ठेवावा. हाच आपला झांकणावरचा विस्तव. ज्यांच्या घरीं विजेची भट्टी आहे त्यांनीं ती १९० अंशांवर तापवून ठेवावी व वरची आणि खालची अशा दोन्ही तारा चालू कराव्या.

आंत ठेवावयाच्या पसरट भांड्याला लोणी लावून त्यांत फोडी रसासह घालाव्या, आणि तें प्रथम नेहमींच्या शेगडीवर ठेवून रसाला उकळी आणावी. ही पायरी गाळूं नये. फळ थंड असतां त्यावर पीठ टाकलें, तर वरून तांबूस दिसलेला गोळा खालून कच्चा व चिकट राहतो. रस उकळत असला, म्हणजे पिठाला खालून वाफ आणि वरून कोरडी आंच अशी दोहोंकडून मदत मिळते. आतां ताक घालून पीठ ढवळावें आणि चमच्याचमच्यानें त्याचे गोळे फळावर सोडावे. गोळ्यांमध्यें थोडी थोडी जागा ठेवावी. त्या फटींतून वाफ बाहेर पडते. वर चमचाभर साखर भुरभुरावी.

भांडें कढईंतील कड्यावर ठेवून तापलेला तवा वर पालथा घालावा. पिठापासून तवा तीन-चार बोटांवर असावा. फार दूर असला तर त्याची आंच पोंचत नाहीं. कडेला एक काडी अडकवून बारीक फट ठेवावी, म्हणजे वाफ कोंडणार नाहीं. दर आठ-दहा मिनिटांनीं सांडशीनें तवे बदलावे: निवलेला शेगडीवर, तापलेला कढईवर. असें चाळीस ते पन्नास मिनिटें करावें. विजेच्या भट्टींत पस्तीस ते चाळीस मिनिटें पुरतात. ज्यांना खरे निखारे मिळतात त्यांनीं ते अंगणांत किंवा गच्चीवरच वापरावे. बंद खोलींत निखाऱ्यांचा विषारी वायु सांचतो, आणि त्याला वास नसल्यामुळें माणूस सावध होत नाहीं.

पदार्थ भाजला कीं नाहीं हें कसें ओळखावें? आमच्या जिल्ह्यांतील तेर हें संत गोरोबा कुंभारांचें गांव. संतमेळ्यांत मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनीं थापटणीनें एकेकाच्या डोक्यावर थापटून मडकें पक्कें कीं कच्चें हें पाहिलें आणि नामदेवांना कच्चें ठरविलें, ही कथा आपण ऐकली आहे. कुंभार रंगावर विसंबत नाहीं, हा त्या कथेंतील व्यवहाराचा भाग आपण घ्यावा. कॉब्लरचा रंगहि फसवतो. गूळ घातला असेल तर कच्चा गोळाहि तांबूस दिसतो. मधल्या गोळ्यावर चमच्याची पाठ हलकेच वाजवावी. आवाज कोरडा आला पाहिजे. मग त्याच गोळ्यांत काडी खुपसावी. ती कोरडी निघाली पाहिजे. आणि कडेला रसाचे बुडबुडे पाण्यासारखे चपळ न फुटतां पाकासारखे जड फुटूं लागले पाहिजेत. या तीन खुणा जुळल्या कीं विस्तव बंद करावा.

लगेच मात्र वाढूं नये. पंधरा मिनिटें थांबावें. पेक्टिन आणि तांदुळाचें पीठ निवतांना रसाला दाटपणा आणतात. घाई केली तर तोंड भाजतें आणि रस पातळ लागतो. कोमट झाल्यावर वाटींत घेऊन वर दुधाची साय घालावी. आमच्याकडे भूम भागांतला खवा नांवाजलेला आहे. त्यांतला मुठभर खवा गरम दुधांत फेटून वर ओतला, तर त्या अमेरिकन पदार्थाला धाराशिवचें नागरिकत्व मिळतें. खालचें फळ इतकें मऊ झालेलें असतें, कीं दांत नसलेल्या वडील माणसासहि तें सुखानें खातां येतें. कच्च्या सफरचंदाची फोड हातांत घेऊन नुसती चघळत बसणारे वृद्ध आपण घरोघर पाहतों. त्यांना किसून दिलेल्या फळापेक्षां सर्वांबरोबर बसून खातां येणारी ही वाटी अधिक गोड लागते.

सफरचंदें नसतील तेव्हां बिया काढलेला पेरू घ्यावा. त्यांत पेक्टिन भरपूर असतें. उन्हाळ्यांत पाडाला आलेला, थोडा आंबट आंबा घ्यावा. त्याला लिंबू लागत नाहीं. बालाघाटचें सीताफळ मात्र या कामीं आणूं नये. तें तापवलें कीं कडवट होतें. तें जसें झाडानें दिलें तसेंच खावें.

पदार्थ परदेशचा आहे, म्हणून त्याला नाक मुरडण्याचें कारण नाहीं, आणि परदेशचा आहे म्हणून त्याच्यासाठीं महाग यंत्र घेण्याचेंहि कारण नाहीं. घरांत एक कढई, दोन तवे आणि मूठभर वाळू असली, कीं भट्टी झाली. मुलांना जवळ बसवून वरचा तवा कां तापवावयाचा, हें एकदां समजावून सांगा. ज्याला तें कारण कळलें, त्याला धोंडस, रोडगे, नानकटाई आणि कॉब्लर हीं चार वेगळीं प्रकरणें वाटणार नाहींत. घरांतील थोरांना त्यांच्या लहानपणीं झांकणावर निखारे ठेवून काय काय होत असे, तें विचारा आणि लिहून ठेवा. निखारे ठेवणारे हात आतां थोडेच उरले आहेत.